तीन काटे

एका जंगलात एक कावळा राहत असे आणि त्याच्याजवळ एक काटा होता. पायात बोचतो तो नव्हे, मुलांनो, वजन करायचा. लाकडाची एक जुनी वखार ओस पडली होती, तिथे तो लोंबकळत राहिला होता. कावळ्याने त्याच्या एका पारड्यात मोठा धोंडा ठेवला आणि वैद्यकी सुरू केली. दुसऱ्या पारड्यात बसलेला खाली गेला की आजारी, वर राहिला की ठणठणीत! धोंडा सर्वांना तोच. त्यामुळे उंदीर बारा महिने निरोगी असे. हसू नका, साऱ्या जंगलाला हे पटले होते.

एके दिवशी सहा पिल्लांची आई असलेली एक गुबगुबीत रानडुकरीण लंगडत आली. "वैद्यबुवा, पायात काटा मोडलाय."

"आधी काट्यावर बसा," कावळा म्हणाला. पारडे धाडकन जमिनीला टेकले. "बाई, तब्येत फारच सुधारली आहे! पाय दुखेल नाही तर काय होईल? कंदमुळं बंद करा."

"अहो, पण काटा..."

"वजन उतरलं की दुखणंही उतरेल."

तिच्या मागे एक कोल्हा उभा होता. "वैद्यबुवा, किती दिवस झाले, घास गिळवत नाही," तो कसाबसा म्हणाला. त्याचे पारडे वरच राहिले. "वा! याला म्हणतात काटक! बाई, अंग असं हवं," कावळा म्हणाला. सर्वांनी माना डोलावल्या. कोल्हा तसाच खाली उतरला.

रानडुकरिणीने खाणे सोडले. पंधरा दिवसांत तिच्या बरगड्या दिसू लागल्या, दूध आटले, पिल्ले भुकेने किंचाळू लागली. पाय मात्र भोपळ्यासारखा सुजला. तिला पारड्यात ढकलूनच बसवावे लागले. पारडे वर राहिले! "बरी झाली!" कावळा ओरडला आणि सर्वांनी एकच जल्लोष केला. अरे, तिला पारड्यातून उतरतासुद्धा येत नव्हते! इतक्या डोळ्यांपैकी एकालाही ते दिसू नये? मला तर अजून खरे वाटत नाही.

तेवढ्यात तो कोल्हा धडपडत पुढे आला. "ताई, मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी तुला विचारतो. दुखतंय कुठं?" तिने पाय पुढे केला. कोल्ह्याने दातांनी बोटभर लांबीचा बाभळीचा काटा उपसून काढला. आठ-दहा दिवसांत ती पुन्हा कंद उकरू लागली, होती तशी गुबगुबीत झाली आणि पिल्लांना पोटभर दूध मिळू लागले.

हे सांगायला ती कोल्ह्याला शोधत निघाली. तो वखारीजवळ, त्या काट्याखालीच मरून पडला होता. उघड्या जबड्यातून आत घशात आडवा रुतलेला माशाचा काटा दिसत होता. कावळ्याची चोच तिथवर सहज पोचली असती. कावळा मात्र वरच्या फांदीवरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण याचं पारडं तर वर होतं! वरच होतं!"

तात्पर्य : काट्याला वजन कळते, दुखणे कळत नाही; ते ज्याचे त्यालाच विचारावे लागते.