हाक देणारी मंजुळा

फार पूर्वी, खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं शिंपलवाडी नावाचं कोळ्यांचं गाव होतं. खाडीच्या पलीकडच्या काठावर दुसरं गाव होतं, खारगाव. दरवर्षी नारळी पौर्णिमेला दोन्ही गावांतल्या तरुण पोरापोरींच्या होड्यांची शर्यत लागे. खाडीच्या तोंडाशी असलेल्या काळ्या खडकाला वळसा घालून जी होडी आधी परत येई, तिच्या गावानं त्या वर्षी दर्याला पहिला नारळ द्यायचा. या मानापायी दोन्ही गावं वर्षभर एकमेकांना चिडवत असत.

वल्ही मारणारे पुढच्या दिशेला पाठ करून बसत. त्यांना पुढचं काही दिसत नसे. त्यांचे डोळे म्हणजे होडीच्या टोकाशी बसलेली हाक देणारी. ती लाट पाहून हाक देई, तिच्या हाकेवर सगळी वल्ही एकदम पाण्यात पडत. शिंपलवाडीची हाक देणारी होती मंजुळा, धाकू नाखव्याची मुलगी. तिचा आवाज इतका खणखणीत की खारगावच्या कोंबड्यांनाही जाग येते, असं लोक गमतीनं म्हणत.

पण मागच्या वर्षी एक वाईट गोष्ट घडली. खडकाजवळ एक मोठी लाट उठली, मंजुळेची हाक पळभर उशिरा आली, आणि होडी खडकावर आदळली. तिची जिवलग मैत्रीण हौसा, हिचं मनगट मोडलं. शर्यत हरली ती वेगळीच.

मंजुळेला कोणी बोल लावला नाही. हौसाचा हात बरा झाला. लोक विचारत, तेव्हा मंजुळा हसून म्हणे, "मी ठीक आहे." तिचा बाप दर्यावर वादळं झेललेला माणूस. त्याला कधी कुणी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मग आपणही तसंच असायला हवं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आषाढ सरत आला आणि शर्यतीचा सराव सुरू झाला. मंजुळा होडीत बसली मात्र, तिची छाती धडधडू लागली. हाक द्यायला तोंड उघडलं, तर घशातून नुसती हवा बाहेर आली. घसा बसलाय, असं सांगून ती उतरली. दुसऱ्या दिवशी तिनं पोटदुखीचं सोंग केलं. जेवण सुटलं. मैत्रिणी हाक मारायला आल्या की ती चुलीमागे जाऊन बसे.

शेवटी तिनं कपड्यांचं गाठोडं बांधलं. मामाच्या गावाला निघून जायचं, नारळी पौर्णिमा उलटली की परतायचं, असा तिचा बेत होता. शिंपलवाडीत हाक देणारं दुसरं कुणी तयार नव्हतं. ती गेली असती तर होडी शर्यतीत उतरलीच नसती. हे तिला ठाऊक होतं, आणि त्यामुळे जीव आणखीच घुसमटत होता.

गावाबाहेर वाट फुटत होती. एक मामाच्या गावाला जाणारी, दुसरी किनाऱ्याकडे, जिथं हौसा जाळं विणत बसली होती. मंजुळा तिथं बराच वेळ उभी राहिली. मामाच्या गावाला गेलं तर आज सुटका होती. पण पुढच्या वर्षी काय? त्याच्या पुढच्या वर्षी? तिनं गाठोडं घट्ट धरलं आणि ती किनाऱ्याकडे वळली.

हौसाच्या शेजारी वाळूत बसून ती म्हणाली, "हौसे, माझा घसा बसलेला नाही. मला भीती वाटते. होडीत बसले की तुझं ते ओरडणं ऐकू येतं, आणि माझा आवाजच जातो."

एवढं बोलून ती रडू लागली. वर्षभराचं रडणं होतं, ते थांबेना. हौसानं जाळं बाजूला ठेवलं, तिला रडू दिलं. मग ती म्हणाली, "मला वाटायचं, मलाच तसं होतं. खडक जवळ आला की माझं हे मनगट आपोआप आखडतं. तू इतकी हसतमुख असायचीस, तुला कसं सांगणार?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि मग दोघींनाही एकदम हसू फुटलं.

त्या तशाच उठल्या आणि द्वारका आत्याकडे गेल्या. द्वारका आत्या तरुणपणी गावाची हाक देणारी होती, आता पोरांना सराव देत असे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घाबरू नका, असं ती एकदाही म्हणाली नाही. तिनं होडीतल्या सगळ्यांना बोलावलं आणि मंजुळेला तेच पुन्हा सांगायला लावलं. मंजुळेला वाटलं, आता सगळे हसणार. पण सुकाणू धरणारा दांडगा गोमा मान खाली घालून म्हणाला, की शर्यतीच्या सकाळी त्याच्या पोटात अन्नाचा कण टिकत नाही. मग एकेक जण बोलू लागला.

आत्या म्हणाली, "भीती होडीतून उतरायची वाट बघत बसलात, तर होडी किनाऱ्यालाच राहील. तिला घेऊनच निघू. फक्त एकीच्या डोक्यावर तिचं ओझं नको."

दुसऱ्या दिवसापासून नवा सराव सुरू झाला. आधी ओहोटीला, पाणी शांत असताना, त्यांनी खडक नुसता लांबून पाहिला. मग रोज थोडं थोडं जवळ. मंजुळेची छाती धडधडली की आत्या होडी थांबवायला लावी, सगळे मिळून सावकाश श्वास घेत, आणि मगच पुढे जात. एक दिवस होडी खडकाला अगदी लागून उभी राहिली. मंजुळेनं हात लांबवून त्याला स्पर्श केला. खडक शेवाळानं बुळबुळीत होता आणि उन्हानं कोमट झाला होता. त्यांनी एक गोष्ट पक्की केली. मंजुळेचा आवाज गेला तर तिनं हात वर करायचा. हौसा तिच्यामागेच बसे. खडक जवळ आला की तिनं मान वळवून मंजुळेकडे आणि लाटेकडे बघायचं, आणि हात वर दिसला की हाक द्यायची.

नारळी पौर्णिमा उजाडली. दोन्ही काठ माणसांनी फुलून गेले. ढोल घुमले, निशाण पडलं आणि होड्या सुटल्या.

"हैया हो," मंजुळेची हाक घुमली आणि वल्ही एकदम पाण्यात पडली. खारगावची होडी अर्ध्या होडीनं पुढे होती. शिंपलवाडीनं अंतर तोडलं. दोन्ही होड्या जोडीनं धावू लागल्या, वल्ह्यांचं पाणी एकमेकांच्या अंगावर उडू लागलं. काठावरची म्हातारी माणसंसुद्धा गुडघाभर पाण्यात शिरली होती.

काळा खडक समोर आला. तशीच लाट उठली, मागच्या वर्षीसारखी. मंजुळेनं तोंड उघडलं, आवाज आला नाही.

तिनं हात वर केला.

त्याच क्षणी मागून हौसाची हाक आली, जरा कापरी पण मोठी. गोमानं सुकाणू दाबलं, डाव्या बाजूची वल्ही थबकली, उजवीकडची जोरात पडली. होडी लाटेवर चढली, खडकापासून हातभर अंतरावरून गर्रकन वळली आणि पलीकडे उतरली. मंजुळेनं खोल श्वास घेतला. एक, मग आणखी एक. आणि तिचा आवाज परत आला. या खेपेला तिच्या हाकेत हौसाची हाक मिसळली, मग गोमाची, मग सगळ्या होडीची. खारगावची होडी वळणावर मागे पडली होती, ती आता जिवाच्या आकांतानं पाठलाग करत होती. अंतर कमी होत गेलं, कमी होत गेलं, आणि शिंपलवाडीची होडी जेमतेम टोकाच्या अंतरानं आधी वाळूला लागली.

मग काय विचारता. लोकांनी होडी पोरांसकट उचलली. हरलेल्या खारगावच्या पोरांनीही पाण्यात उड्या टाकून त्यांना भिजवून काढलं. मंजुळा आणि हौसानं मिळून दर्याला पहिला नारळ दिला.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर मंजुळा वाळूत एकटीच बसली होती. धाकू नाखवा येऊन तिच्या शेजारी टेकला. लेकीनं सरावाच्या वेळी सगळ्यांसमोर काय सांगितलं होतं, ते त्याच्या कानावर आलं होतं.

"पोरी," तो म्हणाला, "त्या मोठ्या वादळापासून मी खाडीचं तोंड ओलांडताना डोळे मिटून घेतो. सुकाणू दुसऱ्याच्या हाती देतो आणि जाळं आवरायचं सोंग करतो. हे मी आजवर कुणाला बोललो नाही."

मंजुळा बापाला खेटून बसली आणि तिनं त्याचा खरबरीत हात आपल्या हातात घेतला. नाखवा बोलत राहिला, आणि ती ऐकत राहिली.

तात्पर्य एवढंच, की भीती लपवणारा एकटा पडतो, आणि ती बोलून दाखवणाऱ्याला सोबत मिळते. खंबीर माणसालाही भीती वाटते. फरक इतकाच, की तो वेळेवर हात वर करतो आणि दुसऱ्यानं हात वर केला तर त्याच्या जागी स्वतः हाक देतो.