साळुंकीची हजेरी

एका राज्यात सकाळचे पहिले ऊन राजवाड्याच्या कळसावर पडत नसे, ते पडे शाळेच्या उंबरठ्यावर. राजवाडा उंच होता, शाळा बुटकी होती, तरीही रोज असेच होई. आणि सूर्याला जाब विचारण्याची सोय त्या राज्यात नव्हती.

त्या शाळेला तीनच भिंती होत्या. चौथ्या भिंतीच्या जागी काळा कडा होता आणि कड्यात एक दगडी दार होते. दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हते. दाराआड काळजंघ नावाचा मांत्रिक कोंडलेला होता. हा काळजंघ मुलांच्या सकाळी चोरत असे. झोपलेल्या मुलाच्या उशाशी बसून त्याची सकाळ तो रांजणात भरून नेई. ज्यांच्या सकाळी गेल्या ती मुले वाढली, त्यांना दाढीमिशा आल्या, पण वाटेवरची पाटी त्यांना वाचता येईना आणि समोरचा आपल्याला फसवतो आहे हेही कळेना. तेव्हाच्या राजाने काळजंघाला कड्यात कोंडले खरे, पण लोखंडाची कडी तो वितळवी आणि मंत्राची उलटवी. शेवटी रानातल्या एका म्हातारीने उपाय सांगितला. जे त्याला चोरता येत नाही त्याचेच कुलूप कर, म्हणाली. मुलाने वेळेवर, स्वतःच्या तोंडाने दिलेली ओ.

तेव्हापासून उंबरठ्याला ऊन लागले की पंतोजी एकेक नाव घेत आणि ज्याचे नाव येई तो ‘हजर’ म्हणे. ऊन उंबरठा ओलांडून पहिल्या चटईला शिवायच्या आत सगळी नावे झाली की दार त्या दिवसापुरते घट्ट बसे. वर्षामागून वर्षे गेली. दाराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि फार ठाऊक असलेल्या गोष्टीचे होते तेच तिचेही झाले. कोणी ती मनावर घेईना.

राजा भद्रकेतूचा मुलगा मणिकेतू तर मुळीच घेईना. पोरगा हुशार होता, मायाळू होता. फक्त सकाळी त्याचे डोळे उघडत नसत. त्याची धाकटी बहीण शशिलेखा रोज पाटी-दप्तर घेऊन त्याच्या दाराशी उभी राही आणि म्हणे, “दादा, ऊठ. ऊन येतंय.” आतून ‘हूं’ येई. मग ती एकटीच टेकडी चढून शाळेत जाई.

मणिकेतूच्या नावाला ओ मिळाली नाही त्या पहिल्या दिवशी दार करकरले. पंतोजी तडक राजाकडे गेले. राजाला मुलाला रागे भरवेना, राणीला तर तो अजून पाळण्यातलाच वाटे. तेव्हा दिवाणजींना एक युक्ती सुचली आणि अशा युक्त्या सुचण्यासाठीच ते पगार घेत असत. त्यांनी एक साळुंकी आणवली, तिला युवराजांचा आवाज शिकवला आणि सोन्याच्या पिंजऱ्यात घालून ती शाळेत टांगली. पंतोजींनी मणिकेतूचे नाव घेताच साळुंकी थेट त्याच्या आवाजात म्हणाली, “हजर.” दार करकरले नाही. पंतोजींनी विरोध केला, पण ज्या दाराचा आवाज येत नाही त्याची तक्रार राजा कशी ऐकणार?

मग काय विचारता. दिवाणजींच्या मुलाचा राघू आला, सेनापतीच्या मुलीची मैना आली, सराफाच्या जुळ्यांसाठी पोपटांची जोडी आली. घरोघरी मुले दुलईत आणि शाळेत त्यांचे आवाज. शशिलेखा मात्र रोज जाई. तिची जागा दाराच्या अगदी जवळ होती. एकदा तिने दादाला सांगितले की दार करकरत नसले तरी सरकते आहे, फटीतून गार वारा तिच्या पाठीला लागतो. मणिकेतू हसला. उद्या येतो, म्हणाला. असे तो पुष्कळदा म्हणाला होता.

आणि एक सकाळ अशी आली की शाळेत सगळे पिंजरे होते आणि मूल एकच होते.

पंतोजींनी नावे घेतली, पाखरांनी ओ दिली, आणि शेवटचे ‘हजर’ होताच दार सताड उघडले. काळजंघ बाहेर आला. त्याचे पाय जळक्या खोडासारखे होते आणि डोळ्यांत बुबुळे नव्हती. त्याने सगळ्या पिंजऱ्यांवरून नजर फिरवली, मुलीजवळ थांबला, तिचे मनगट धरले आणि आल्या वाटेने आत गेला. पंतोजी धावले, पण दार बोटभर फट ठेवून मिटले. त्या फटीतून वाराच तेवढा जाईल.

साळुंकीने धडका देऊन पिंजऱ्याचे दार मोडले, ती राजवाड्यात उडत गेली आणि मणिकेतूच्या पलंगावर उतरून त्याच्याच आवाजात म्हणाली, “शशिलेखेला काळजंघाने नेले.”

स्वतःच्या आवाजात स्वतःच्या बहिणीची अशी बातमी ऐकण्यापेक्षा वाईट जागे होणे नाही. मणिकेतू अनवाणी धावत सुटला. टेकडीवर पोचला तेव्हा पंतोजी कड्याला टेकून बसले होते. त्याने दारावर मुठी आपटल्या. आतून हसण्याचा आवाज आला.

“पोरा,” काळजंघ म्हणाला, “ऊन कधीच चटईवर गेले. आज तुला उशीर झाला.”

मणिकेतूने पंतोजींचे पाय धरले आणि उपाय विचारला. पंतोजी म्हणाले की म्हातारीने दाराला एक नियम घालून ठेवला आहे आणि काळजंघही त्याने बांधलेला आहे. ओळीने तीन सकाळी प्रत्येक नावाला प्रत्येक मुलाची खरी ओ मिळाली, तर आत नेलेले मूल परत मिळते. एक जरी ओ चुकली तरी ते मूल कायमचे आत राहते, आणि मग दारही कधी बंद होत नाही.

“प्रत्येक नावाला?” मणिकेतूने विचारले. “शशीच्यासुद्धा?”

“तिच्यासुद्धा. ती आतून ओ देईल. देता येईल तोवर.”

त्या दिवशी युवराज घरोघर फिरला. राजाने दवंडी पिटायची तयारी दाखवली होती, पण धाकाने आलेली ओ दाराला चालत नाही, असे पंतोजी म्हणाले होते. सेनापतीच्या बायकोने तोंडावर सांगितले की आमच्या मुलीने मैना ठेवली ती तुमचे पाहूनच. मणिकेतू खाली मान घालून म्हणाला, “म्हणून मीच आलो आहे.” असे तो प्रत्येक दारात म्हणाला.

पहिल्या सकाळी काळजंघाने झोप पाठवली. दाराच्या फटीतून ती धुक्यासारखी उतरली आणि सबंध नगरावर पसरली. कोंबडे झोपले, पहारेकरी भाल्यावर हनुवटी टेकून झोपले. मणिकेतूला पापणी उचलवेना. झोप काही नवी नव्हती, त्याचीच होती, फक्त जास्त जड होती. ऊन काय, थोडे उशिराही येईल, असेही त्याच्या मनात येऊन गेले. तेवढ्यात दाराशी आवाज आला, “दादा, ऊठ. ऊन येतंय.”

तो ताडकन उठून दाराशी गेला. तिथे साळुंकी बसली होती. राजवाड्यात शिकत असताना शशीचे हे बोल तिने रोज ऐकले होते. मणिकेतूला रडू कोसळले, पण रडायला वेळ नव्हता. त्याने साळुंकीला खांद्यावर घेतले आणि घरोघरच्या खिडकीशी जाऊन त्या दोघांनी मुलांना उठवले. दुलया ओढीत, डोळे चोळीत मुले टेकडी चढली. पंतोजींनी नावे घेतली. शशिलेखेचे नाव आले तेव्हा दाराआडून स्पष्ट ओ आली, “हजर.” मणिकेतूचे नाव शेवटचे होते. साळुंकी आल्यापासून हा शब्द त्याच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडायची ती पहिलीच वेळ, आणि त्याचा आवाज चिरकला. साळुंकीने तो शब्द याहून चांगला म्हटला असता, पण दार हलले ते त्याच्याच ओने.

दुसऱ्या सकाळी मुले आपणहून उठली. वाटेवर निम्मी टेकडी चढून होते न होते तोच आकाशात लख्ख उजाडले. काळजंघाने आपला खजिना उघडला होता. चोरलेल्या सकाळींचा एक रांजण त्याने आतूनच कड्याच्या माथ्यावरच्या भेगेतून बाहेर ओतला आणि त्यातून जुने, पिवळे, शिळे ऊन सगळ्या रानावर सांडले. सूर्य माथ्यावर आल्यासारखा दिसू लागला. मुले जागच्या जागी थबकली. दिवाणजींचा मुलगा खाली बसला आणि म्हणाला की उशीर झालाच आहे, आता जाऊन काय उपयोग. उद्या लवकर येऊ. दोघे-तिघे परत फिरलेसुद्धा.

बहीण गेली, असेच मणिकेतूला वाटले. पण ते ‘आता जाऊन काय उपयोग’ त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. दुलईत पडल्या पडल्या त्याने ते इतक्या वेळा म्हटले होते की कोणाचे शब्द आहेत हे त्याला बरोबर कळले.

“झाला असेल उशीर,” तो म्हणाला, “तरी जायचंच. चला.”

त्याने परत फिरलेल्यांचे हात धरले आणि सगळी पोरे धापा टाकीत वर पोचली. पाहतात तो उंबरठा अजून सावलीत. शिळ्या उन्हाला उंबरठा चढता येत नव्हता. थोड्या वेळाने खरा सूर्य उगवला आणि खरे ऊन दगडाला लागले. ओ झाल्या. शशिलेखेचीही झाली, पण ती इतकी क्षीण होती की पंतोजींनी कानामागे हात धरून ऐकली. काळजंघ तिची सकाळ रांजणात भरू लागला होता.

तिसऱ्या सकाळी ना धुके उतरले, ना ऊन सांडले. सगळे वेळेआधी पोचले. बाहेर राजा होता, राणी होती, दिवाणजी होते. ऊन उंबरठ्याला लागले. पंतोजींनी नावे घेतली आणि एकेक ओ खणखणीत येत गेली.

“शशिलेखा.”

दाराआड शांतता होती. पंतोजींनी पुन्हा नाव घेतले. राणीने तोंडात पदर कोंबला. ऊन उंबरठ्याच्या मध्यावर आले, मध्य ओलांडून पुढे सरकले. काळजंघ फटीतून हलकेच म्हणाला, “झोपली आहे. शांत झोपली आहे. कशाला उठवता?”

राजा मुलाजवळ वाकला. “ती साळुंकी,” तो कुजबुजला. “तिला शशीचा आवाज काढता येतो. तिला म्हणू दे.”

साळुंकीने मणिकेतूच्या खांद्यावर मान उंचावली आणि चोच उघडली. एकच शब्द. तिने म्हटला असता तर दिवाणजींनाच काय, राणीलाही फरक कळला नसता. मणिकेतूने झटकन तिची चोच मुठीत धरली.

“नको,” तो म्हणाला. “याच्यामुळेच तर ती आत गेली.”

तो उठला आणि दगडी दाराशी जाऊन उभा राहिला, जशी ती त्याच्या दाराशी रोज उभी राही तसा. चटई आणि ऊन यांच्यात आता बोटभर अंतर होते. त्याला ओरडावेसे वाटत होते, पण ती कधी ओरडली नव्हती. फटीला तोंड लावून तो म्हणाला, “शशी, ऊठ. ऊन येतंय.”

आतून काही आले नाही. तो पुन्हा म्हणाला. मग आतून, फार खोलातून, झोपेतले एक ‘हूं’ आले. हे ‘हूं’ मणिकेतूइतके कोणाला ठाऊक असणार? त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

“शशी,” तो म्हणाला, “तू रोज मला उठवलंस, मी आलो नाही. आज मी आलोय. तू ये.”

आणि उन्हाची कड चटईच्या पहिल्या काडीला शिवणार तोच दाराआडून आवाज आला, “हजर.”

दार उघडले. शशिलेखा धडपडत बाहेर आली आणि भावाच्या अंगावर पडली. तिच्यामागून काळजंघाचा हात आला, त्याच्या नखांनी तिची वेणी पकडली. पण पंतोजी थांबले नव्हते. “मणिकेतू,” ते म्हणाले. बहिणीला कवटाळून मणिकेतूने ओ दिली. ही ओ मुळीच चिरकली नाही. नखांची पकड सुटली, हात आत ओढला गेला आणि दार असे बसले की कड्यात दार होते हे शोधूनही सापडेना. आत रांजण फुटल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. त्या दिवशी त्या राज्यात सकाळ पुष्कळ वेळ टिकली, आणि म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांनी वाटेवरची पाटी थांबून वाचून पाहिली.

राजाने सगळे पिंजरे उघडायला लावले. राघू, मैना, पोपट उडून गेले. साळुंकी मात्र शाळेच्या अंगणातल्या चिंचेवर राहिली. दिवाणजींनी पुढे युक्त्या सांगणे बंद केले आणि राज्याचे त्यावाचून काही अडले नाही.

चौथ्या सकाळी आभाळ भरून आले होते. ऊन नव्हतेच. आत कोंडलेले कोणी सोडवायचे राहिले नव्हते, आणि त्या दिवशी कोणी शाळेत गेले नसते तरी एक शब्दही विचारला गेला नसता. शशिलेखा पाटी-दप्तर घेऊन दादाच्या दाराशी गेली. पाहते तो पलंग रिकामा.

पंतोजींनी शाळा उघडली तेव्हा तो उंबरठ्याशी बसला होता. हळूहळू सगळी मुले आली, नावे झाली, आणि शेवटी पंतोजी म्हणाले, “मणिकेतू.” चिंचेवर साळुंकीने सवयीने चोच उघडली, खाली पाहिले आणि मिटली.

“हजर,” मणिकेतू म्हणाला.