आबांच्या डोक्यावर

हिंगमिरे वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब हिंगमिरे म्हणजे बोलतील तो कायदा! मुलींच्या अभ्यासिकेत वायफाय लागणार, तर हेच आडवे आले. वायफायचे सिग्नल पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंटचा गोल, पांढरा डबा छताला मधोमध बसवला तरच रेंज सगळ्या बाकांपर्यंत पोचणार होती. आणि नेमकी त्याच्याच खाली, मधल्या खांबावर, संस्थापक आबांची म्हणजे भाऊसाहेबांच्या वडिलांची तसबीर!

"आबांच्या डोक्यावर काहीही लागणार नाही. माझ्या केबिनमध्ये लावा!"

केबिनच्या जाड भिंतींतून रेंज बाहेर येणार नव्हती. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलींचे चेहरे पडले. शिडीवर चढलेल्या ग्रंथपाल उबाळेबाई मात्र खाली उतरल्या नाहीत. हातातला डबा तसबिरीच्या वर धरून त्यांनी तिथूनच विचारलं, "साहेब, देवाच्या डोक्यावर छत्र असतं. त्यानं देव लहान होतो का?"

भाऊसाहेबांनी तसबिरीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि पुढे होऊन शिडी धरली.

संध्याकाळी शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या फोनवरही नेटवर्कचं नाव झळकलं, 'आबांचं छत्र'. नाव उबाळेबाईंनीच दिलं होतं. आता ते छत्र काढायची कुणाची छाती होती?