गालांवरची लाली

फार पूर्वी चीन देशातल्या एका गावात एक रेशीमवाला शेठ राहत होता. त्याच्या कारखान्यात बारा बायका उकळत्या पाण्याच्या कढईपाशी बसून रेशमाच्या कोशांचा धागा उकलायच्या. कोश ताजे असतानाच उकलले तर रेशमाला चकाकी जास्त येते. पण उशीर झाला, की आतला पतंग कोश फोडून बाहेर पडतो आणि धागा वाया जातो. म्हणून त्या दिवसांत बायकांना धड झोप नाही, धड जेवण नाही.

कोश मिठात घालून रांजणात भरले तर पतंग बाहेर पडत नाही आणि कोश पुष्कळ दिवस टिकतात, हे शेठला चांगलं ठाऊक होतं. पण चकाकी जराशी कमी होते ना! बायका वाळल्या तरी चालतील, रेशीम चमकलं पाहिजे, असा हा भला माणूस.

त्या वर्षी धागा उकलण्यात सगळ्यांत तरबेज असलेली बाई खंगत चालली. दुपार झाली की तिचे गाल लाल व्हायचे, तळहात-तळपायांची आग व्हायची, घशाला कोरड पडायची. डोळा लागलाच तर अंग घामाने भिजायचं. आणि शेठ काय म्हणायचा? "बघा कशी लाली आलीय! माझ्याकडचं अन्न मानवलंय हिला." निर्लज्जपणालाही काही सीमा असते.

एके दिवशी ती कढईपाशीच कोसळली. शेठने लगबगीने वैद्याला बोलावलं. तिच्या कळवळ्याने नव्हे, तर चार दिवसांत पतंग बाहेर पडणार होते म्हणून.

"वैद्यबुवा, ताकदीसाठी जिनसेंगच्या मुळीचा कडक काढा द्या. उद्या ही उभी राहिली पाहिजे."

वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली. जीभ लालभडक आणि कोरडी होती.

"काढा देणार नाही," वैद्य म्हणाला. "त्याने उष्णता वाढेल. हिच्या अंगातला ओलावा, गारवा आटलाय. त्याला आम्ही यिन म्हणतो. जागरणाने आणि कष्टाने ते आटतं, विश्रांतीने भरतं. कढईतलं पाणी आटलं, की जाळ तेवढाच असला तरी बूड लाल होतं. ही लाली तसली आहे, शेठ. महिनाभर हिला झोपू द्या, पातळ पेज द्या, शिजवलेली नासपती द्या. उरलेले कोश मिठात घाला."

"मिठात? बाजारात माझं नाक कापलं जाईल! काढाच द्या."

बाई पडल्या पडल्या म्हणाली, "मालक, कढईतलं पाणी बोटभर कमी झालं तरी तुम्ही ओरडता. मी पाणी प्यायले का, हे कधी विचारलंत?"

शेठने मान फिरवली. वैद्य मात्र बाकीच्या बायकांकडे वळला. "बायांनो, जरा जीभ दाखवा."

अकरा जणींनी जीभ दाखवली. सगळ्यांच्या जिभा तशाच, लाल आणि कोरड्या. वैद्याचा आवाज चढला.

"एकीची अशी असती तर तिला आजारी म्हटलं असतं. बाराही जणींची अशी आहे! शेठ, आजारी तुमचा कारखाना आहे."

शेठ खवळला. "ज्यांना जिभा दाखवायची हौस आहे त्यांनी घरी जावं!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग हात पुसले, मैत्रिणीला आधार देऊन उठवलं आणि सगळ्या निघून गेल्या.

अजूनही शेठला कोश मिठात घालता आले असते. पण "उद्या झक मारत येतील" म्हणत तो हट्टाने बसून राहिला. कुणीही आलं नाही. पाचव्या दिवशी त्याने दार उघडलं, तर कारखानाभर पांढरे पतंग फडफडत होते आणि कोशाकोशाला भोक पडलं होतं.

तेव्हा कुठे तो धावत त्या बाईच्या घरी गेला आणि दारातूनच हाका मारू लागला. तिची एक मैत्रीण उंबऱ्यावर पेज ढवळत बसली होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

"हळू बोला, मालक," ती म्हणाली. "ती झोपलीय."

तात्पर्य: राबणाऱ्याच्या चेहऱ्यावरची लाली पाहून त्याला धडधाकट ठरवू नका, त्याला पुरेशी झोप मिळते का, ते आधी विचारा.