चिंचवण्याचा कोरा शुक्रवार

चैत्र लागला की चिंचवणे गावात जोगणाईच्या सप्ताहाची पत्रके वाटली जातात. किराणा दुकानाच्या खांबावर, बसथांब्याच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि अलीकडे प्रत्येकाच्या मोबाइलवरही तेच पत्रक दिसते. सोमवारी भजनी मंडळांची स्पर्धा, मंगळवारी शाळेतल्या मुलींचे लेझीम आणि चित्रांचे प्रदर्शन, बुधवारी भारूड, गुरुवारी गावातल्याच कलावंतांची गाण्यांची मैफल, शनिवारी एकांकिका, रविवारी पोवाडे. शुक्रवार या शब्दापुढे मात्र काहीच छापलेले नसते. परगावच्या पाहुण्यांना ती छापखान्याची चूक वाटते. काही जण ती चूक समितीच्या ध्यानात आणून देण्याचा उत्साहही दाखवतात.

गेल्या वर्षी अशाच चौघा पाहुण्यांनी देवळाच्या पायरीवर बसलेल्या दत्तोबा गुरवांना विचारले, "आजोबा, शुक्रवारी काय असतं?"

"शुक्रवारी शुक्रवार असतो," दत्तोबा म्हणाले. "सावलीत बसा. थोडक्यात सांगता येण्यासारखं नाही."

देवळासमोर काळ्या दगडाचा, कमरेइतक्या उंचीचा एक ओटा आहे. सप्ताहातली प्रत्येक कला त्याच ओट्यावर सादर होते. हा ओटा देवीने स्वतः बसण्यासाठी मागून घेतला, असे सांगतात. सात दिवसांत एकही दिवस तो मुका राहू नये, अशी जुन्या लोकांची श्रद्धा होती. ओटा मुका राहिला, तर देवी पाठ फिरवते म्हणे.

कोणत्या दिवशी कोण येणार, हे त्या काळी दवंडीने कळे. गावात दवंडी देण्याच्या सात जागा ठरलेल्या होत्या. पहिली पाटलांच्या दारापुढची आणि सातवी ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. दवंडी हा देवीच्या साक्षीने दिलेला शब्द मानला जाई. तो फिरवायचा झाला, तर ज्या तोंडाने दिला त्याच तोंडाने, त्याच सात जागी मागे घ्यावा लागे. दुसऱ्या कोणी तो मागे घेतलेला चालत नसे.

हे तोंड त्या काळी गेनबाचे होते. गेनबा ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहणारा. त्याची हलगी पहिल्या ठोक्यालाच माणसाला हातातले काम खाली ठेवायला लावी, आणि त्याच्या आवाजाने झाडावरची पाखरे उठत. परगावच्या शाहिरांची, गोंधळ्यांची, सनईवाल्यांची नावे तो असा उच्चारी, की ऐकणाऱ्याने त्या माणसाला न पाहताच मान द्यावा. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचीच नावे पुकारली. त्याला स्वतःला ओट्यावर चढण्याची मुभा नव्हती. त्या वस्तीतल्या कोणालाच ती नव्हती. दवंडी देऊन झाली की त्याने ओट्यापासून वीस पावलांवरच्या वडाखाली उभे राहायचे, असा दंडक होता.

गेनबाची आई ठकूबाई. गेनबा तान्हा असताना तापाने फणफणला, आणि तिने वडाखालूनच देवीला नवस केला. "हा जगला, तर तुझ्या ओट्यावर उभा राहून तुझ्यापुढं हलगी वाजवील." नवस बोलताना तिला ओटा आठवला, ओट्याचा दंडक आठवला नाही. गेनबा जगला, मोठा होऊन हलगी वाजवू लागला. नवस तसाच राहिला. पुढे चाळीस वर्षे, सप्ताह संपला की ठकूबाई मुलाला एकच प्रश्न विचारी, "औंदा बी न्हाई नव्हं?" आणि गेनबा हलगीवरची धूळ पुसत बसे. शेवटी तिचे पाय गेले, नजर मंदावली, आणि तिला एकच धास्ती लागली. नवस अंगावर घेऊन मेले, तर देवीला तोंड कसे दाखवायचे?

असे सांगतात, की एका वर्षी सप्ताहातल्या बुधवारी दुपारी निरोप आला. शुक्रवारी येणारे शाहीर आजारी पडले होते. दौलतराव पाटील तेव्हा गावचे मुख्य मानकरी होते. दोन दिवसांत दुसरा कलावंत मिळेना आणि ओटा तर मुका ठेवता येईना. तेव्हा दत्तोबांच्या पूर्वजाने, भिकाजी गुरवाने, भीत भीत सुचवले, "पाटील, गेनबा आहे की. त्याच्या आईचा नवसही आहे."

पाटील घाईत होते. "असेना का. ओटा वाजल्याशी कारण," ते म्हणाले आणि त्यांनी मानाचा विडा गेनबापुढे जमिनीवर ठेवला. तो गेनबाने दोन्ही हातांनी उचलला.

त्या दिवशीची दवंडी चिंचवण्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या आठवली. पहिल्याच जागी गेनबाने हलगी घुमवली, शुक्रवार सांगितला, दिवस कलण्याची वेळ सांगितली, ओटा सांगितला, आणि नावापाशी येऊन तो थांबला. शेकडो नावे पुकारलेल्या त्या गळ्याला स्वतःचे नाव पुकारण्याची सवय नव्हती.

"आरं, वाजवणार कोण?" शेजारच्या विहिरीवरच्या बायकांनी विचारले. "का नाव गिळलंस?"

"लाजतोय बघा कसा. नवी नवरी बरी," एक जण म्हणाली.

गेनबाने मान खाली घातली, पुन्हा एक ठोका दिला आणि म्हणाला, "ठकूबाईचा गेनबा."

पुढच्या सगळ्या जागी त्याने तसेच सांगितले. सातव्या जागी, वस्तीत, ठकूबाई उंबऱ्यापाशी बसली होती. दवंडी संपल्यावर ती म्हणाली, "नीट ऐकू आलं न्हाई. परत म्हण." तिला ऐकू आले होते. गेनबाने पुन्हा म्हटले. तिने तिसऱ्यांदाही म्हणायला लावले आणि मग पदराने तोंड झाकून घेतले.

वस्तीने दोन दिवस दुसरे काही केले नाही. ठकूबाईचे लुगडे धुऊन वाळवले. तिला उचलून न्यायला बाजेला दोर बांधले. गेनबाने हलगीचे कडे घासले, चामडे निखाऱ्यावर शेकले आणि ओढ्याच्या काठी उभे राहून, देवळाच्या दिशेला तोंड करून, अगदी हलक्या हाताने सराव केला.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली होती. ज्या दगडावर आपले वाडवडील जोडे काढून चढले, त्यावर कोण चढणार, असे मानकऱ्यांपैकी काहींनी पाटलांना विचारले. शुक्रवारी सकाळी, नशीब म्हणा की दुर्दैव, एक नामांकित कीर्तनकार वाटेवरून जाताना देवीच्या दर्शनाला थांबले. पाटलांनी त्यांना मुक्कामाची गळ घातली आणि गेनबाला बोलावणे पाठवले.

"दवंडी मागं घे," पाटील म्हणाले. "आज कीर्तन आहे."

"मालक, नवसाचं हाय," गेनबा म्हणाला.

"मग वडाखाली उभा राहून फेड. देवीला तिथूनही ऐकू येतं."

"तिथून तर चाळीस वर्सं वाजवतोय, मालक. नवस ओट्यावरचा हाय."

"तुझ्या आईनं बोलायच्या आधी विचारायला हवं होतं," पाटील म्हणाले, आणि आजूबाजूचे हसले.

गेनबाने भिकाजी गुरवाकडे पाहिले. भिकाजी देवीच्या समईतली वात सारखी करत होता. त्याने वर पाहिले नाही. दत्तोबा ही गोष्ट सांगताना आपल्या पूर्वजाची ती वात कधीही गाळत नाहीत. "एक शब्द त्यांनी सुचवण्यापुरता काढला," ते म्हणतात, "आणि टिकवण्याच्या वेळी त्यांना समई आठवली."

गेनबा निघाला. पाटलांच्या दारापुढे त्याने हलगी वाजवली आणि शब्द मागे घेतला. "शुक्रवारची हलगी रद्द. ठकूबाईचा गेनबा वाजवणार न्हाई. कीर्तन हाय." आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. कीर्तनकारांचे नावही त्याने पूर्ण मानाने पुकारले. विहिरीवरच्या बायकांनी या वेळी घागरी उचलल्या आणि त्या निघून गेल्या. सहा जागी त्याने स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने पुसले. सातव्या जागेसाठी तो ओढ्यापर्यंत आला. पलीकडे वस्तीतली माणसे बाज उचलून निघण्याच्या तयारीत होती. बाजेवर ठकूबाई ताठ बसलेली होती. गेनबा ओढा ओलांडू शकला नाही. तो तसाच मागे फिरला.

त्यामुळे दिवस कलता वस्ती देवळापुढे आली आणि वडाखाली थांबली. ओट्यावर कीर्तन रंगात आले होते. माणसांनी गेनबाकडे पाहिले, गेनबाने जमिनीकडे पाहिले, आणि ज्यांना कळायचे त्यांना कळले. बाजेवरच्या ठकूबाईला दिसत नव्हते.

"ह्यांचं झालं की तुझं नव्हं?" तिने विचारले.

"व्हय, आये," गेनबा म्हणाला.

कीर्तन संपले. आरती झाली. प्रसाद वाटला गेला. सतरंज्या झटकून गुंडाळल्या गेल्या. प्रत्येक आवाजाला ठकूबाई कान देई आणि विचारी, "आता?" आणि गेनबा म्हणे, "जरा थांब." शेवटी ओट्यावरची समई गुरवाने आत नेली, तेव्हा वाऱ्यावर येणारा तेलाचा वास थांबला, आणि म्हातारीने विचारणे सोडले.

"गेनबा," ती म्हणाली, "दवंडी तू दिलीस. मागं घ्यायची तर तूच घे. मला दुसऱ्याकडनं कळाय नगं."

असे सांगतात, की गेनबा आईसमोर उभा राहिला, त्याने हलगी छातीशी धरली, रीतीप्रमाणे तीन ठोके दिले आणि सातवी दवंडी तिला एकटीला दिली. शुक्रवारची हलगी रद्द. ठकूबाईचा गेनबा वाजवणार नाही. घरी परतणारे गावकरी तो आवाज ऐकून जागीच उभे राहिले.

ठकूबाईने देवळाच्या दिशेने हात जोडले. "जोगणाई," ती म्हणाली, "लेकरू तू दिलंस, मी आणून उभं केलं. माझ्याकडनं नवस फिटला. ज्यांनी वाट अडवली, त्यांच्यावर आता तो घाल."

ती दुसऱ्या दिवशी गेली. गेनबाने हलगी ओट्याखाली पालथी ठेवली आणि तो गाव सोडून निघून गेला.

पुढच्या वर्षी सप्ताह नेहमीप्रमाणे भरला. गुरुवारपर्यंत सगळे सुरळीत झाले. शुक्रवारी सनईवाले ओट्यावर चढले आणि त्यांच्या सनईतून नुसता वारा निघाला. खाली उतरून वाजवली, तर सूर लागले. त्यानंतरच्या वर्षी मृदंग बोलेना, तिसऱ्या वर्षी गाणाऱ्याचा गळा बसला. शनिवारी तो पुन्हा मोकळा झाला म्हणे. तेव्हा गाव घाबरले, आणि देवीला कौल लावायचे ठरले.

कौलाची रीत अशी, की मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवी फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. आपण होऊन काही सांगत नाही. प्रश्न मुख्य मानकऱ्याने विचारायचा. दौलतराव पाटलांनी हात जोडले आणि विचारले, "आई, तुझा कोप शांत व्हावा म्हणून शुक्रवारी ओटा रिकामा ठेवू का?"

उजवी कळी पडली.

गावाने सुटकेचा श्वास सोडला. भिकाजी गुरवाच्या हातात आणखी कळ्या होत्या. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या कोणाला ओट्यावर चढवू का, हा दुसरा प्रश्न त्याच्या मनात होता, असे त्याच्या घराण्यात सांगतात. कळ्या त्याच्या हातातच सुकल्या.

आजही शुक्रवारी ओट्यावर कोणी चढत नाही. सकाळी ओटा धुतात, रांगोळी काढतात, आणि दिवस कलता सारे गाव पांढरे कपडे घालून, हात जोडून पाच मिनिटे स्तब्ध उभे राहते. समितीचे अध्यक्ष गेनबाच्या कलेविषयी चार गौरवाचे शब्द बोलतात. पाहुणे त्याचे चित्रण करतात आणि अशी संवेदनशील परंपरा दुसरीकडे पाहिली नाही, असे सांगून जातात.

ओढ्यापलीकडच्या वस्तीत आज हलगीचे उत्तम पथक आहे. सुलभा नावाची एक परिचारिका ते चालवते. चार वर्षांपूर्वी ती समितीच्या बैठकीला आली आणि म्हणाली, "आता दंडक राहिला नाही, कायदाही आमच्या बाजूनं आहे. शुक्रवार आम्हांला द्या. नवस फिटेल."

"ताई, तुमच्याच माणसाच्या स्मरणार्थ तो दिवस रिकामा ठेवतो आम्ही," अध्यक्ष म्हणाले. "त्यात तुम्हीच वाजवायला लागलात, तर त्याचा मान काय राहिला?"

"मग कौल लावा. दुसरा प्रश्न विचारा."

"एकदा दिलेलं उत्तर देवीला पुन्हा विचारू नये," अध्यक्ष म्हणाले. बैठकीतल्या सर्वांना ते पटले. दत्तोबाही त्या बैठकीत होते. तुम्ही त्या वेळी काय केलेत, असे पाहुण्यांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "इतिवृत्त लिहीत होतो."

सुलभाचे पथक शुक्रवारी दुपारी टेम्पोत बसून शेजारच्या गावच्या जत्रेला वाजवायला जाते. गाव ओट्यापुढे स्तब्ध उभे असते, त्या वेळी वारा पूर्वेचा असला, तर त्या हलग्यांचा आवाज इथपर्यंत येतो. तेव्हा समितीतले कोणीतरी देवळाचे दार लोटून घेते, देवीच्या शांततेचा भंग होऊ नये म्हणून.