राणीच्या घाटाचा जोडा

एका नगरात एका आईची झोप उडाली होती, आणि तीही लेकीच्या पायाच्या अंगठ्यामुळे. अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकू लागला होता आणि त्याच्या मुळाशी, पावलाच्या कडेला, लालसर उंचवटा आला होता. आईच्या स्वतःच्या पायाला तिथेच सुपारीएवढी गाठ होती, रोज ठणकणारी. 'माझीच ठेवण हिच्यात उतरली,' म्हणत ती कूस बदलत राही. बाई शिकलेली, त्यामुळे काळजीला कारणंही तिला जरा जास्तच सुचत.

त्या नगराची एक रीत होती. फार पूर्वीच्या एका राणीचं पाऊल म्हणे निमुळतं होतं. तिच्या पावलाचा लाकडी ठोकळा मोच्याने जपून ठेवला होता, आणि लहानथोर सगळ्या बायकांचे जोडे त्याच घाटाचे, पुढे चोचीसारखे टोकदार, शिवले जात. दिव्यांच्या उत्सवात मुलींनी ते जोडे घालून, हातात दिवा घेऊन, टेकडीवरच्या देवळाच्या दारापर्यंत चढायचं. यंदा लेकीला पहिल्या रांगेचा मान मिळाला होता.

"आई, जोडा चावतो गं," लेक म्हणाली.

"चावू दे," सासूबाई म्हणाल्या. "त्यानंच पायाला वळण लागतं. आम्ही नाही का घातले?"

आईने सासूबाईंच्या पायांकडे पाहिलं. त्यांचा अंगठा तर शेजारच्या बोटावर चढून बसला होता. तरी तिने लेकीचा अंगठा तेलाने चोळला, फडक्याने सरळ बांधला, आणि वरून पुन्हा तोच जोडा चढवला.

एके दिवशी लेक न्हाणीघरातून ओल्या पायांनी फरशीवर धावली. आई पंचा घेऊन मागे. वाटेत पडलेला जोडा तिने बाजूला करायला उचलला आणि सहज ओल्या ठशावर ठेवला. ठसा पंख्यासारखा पसरला होता. अंगठा एका बाजूने जोड्याबाहेर, करंगळी दुसऱ्या बाजूने.

"अगं बाई!" ती मटकन खालीच बसली. "मी इतके दिवस पायालाच दटावतेय!"

तिने कोळसा घेतला, कागदावर लेकीचं पाऊल आखलं, मग स्वतःचंही, आणि मोच्याकडे गेली.

"वहिनी, राणीसरकारांचा घाट मोडू? लोक माझ्या दुकानाची पायरी चढायचे नाहीत."

"राणीसरकारांना हवेत तर त्यांनी खुशाल घालावेत. माझ्या लेकीचे आणि माझे या रेषांवर शिवा. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत."

"आणि लोक हसले तर?"

"हसतील. मलाही भीती वाटतेय. तरी शिवा."

नवे जोडे आले, पुढून ऐसपैस. आईने स्वतःच्या गाठीवर मऊ लोकरीची चकती ठेवली, संध्याकाळी कोमट पाण्यात पाय बुडवून बसू लागली. गाठ काही गेली नाही. हाड सरकलं होतं ते सरकलंच. पण ठणका उतरला. लेकीच्या पायाची लाली तर पार ओसरली.

उत्सवाच्या दिवशी आईने लेकीची वेणी करकचून घातली आणि तिला रांगेत उभं केलं.

"बदक आलं गं, बदक!" मुली खिदळल्या.

"मागच्या रांगेत उभी करा हिला," कुणी बाई म्हणाली. "शोभा जाते."

लेकीने आईकडे पाहिलं. आईला क्षणभर वाटलं, आजच्यापुरते जुने जोडे घालावेत का? मग ती म्हणाली, "राहू दे मागे. हेच जोडे घालून चढ."

अर्ध्या वाटेवर पहिली रांग बसली. कुणी जोडा काढून अंगठा कुरवाळत होती, कुणी रडत होती, दिवे विझले होते. मागून लेक आली, हातातला दिवा सांभाळत, एकेक पायरी चढत, आणि थेट देवळाच्या दारात पोहोचली.

घरी आल्यावर सासूबाईंनी दार लोटून घेतलं, पाऊल हळूच कागदावर ठेवलं. "आख गं माझंही. फार बोलू नकोस."

रात्री आईने लेकीला जवळ घेऊन समजावलं, "तात्पर्य काय, बाळ, तर दुखणारा पाय खोटं बोलत नाही, पायाला दटावण्याआधी जोडा तपासावा."

लेकीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग आई, माझी वेणी पण सैल कर ना. कधीची दुखतेय."