बिनधुराचा स्टोव्ह

सांगायची नव्हती ही गोष्ट. पण पोरं सोडतील तर ना! जेवून जरा आडवा झालो की उशाशी येऊन बसतात, आणि त्यांच्यामागं त्यांचे बापही येऊन बसतात, शेंगा फोडत. फोलपटं माझ्याच अंथरुणावर. एकदाच सांगतो. मधे बोललं कुणी तर तिथंच थांबेन.

कुसळवाडीत एक भोळा गडी होता, गेणू नावाचा. भोळा असं लोक म्हणायचे. लोकांना खरं बोलायची लाज वाटते. मूर्ख होता. आई-बाप लहानपणीच गेले, मावशीनं वाढवला. मावशीचं नाव बयजा. बाई कष्टाची, पण जिभेला हाड नाही, आणि आपल्याला सगळं कळतं हा तिचा मोठा आजार.

बयजाचे गुडघे गेले होते. चुलीपुढं बसलं की उठवत नव्हतं. घरात सून आली की सुटलो, एवढंच तिच्या डोक्यात. गेणूची दोन स्थळं आली तशी परत गेली. तिसरं आलं रखमाजीचं. गेणूचं बोलणं अजून त्याच्या कानावर पडलं नव्हतं, म्हणून आलं. रखमाजीनं निरोप धाडला, "कार्तिकात तुमच्याकडं आवळीभोजनाला येतो. पोरीलाबी आणतो. जमलं तर तिथंच सुपारी फोडू."

आता आवळीभोजन म्हणजे आवळ्याच्या झाडाखाली रांधायचं आणि तिथंच पंगत मांडायची. कुसळवाडीत आवळ्याचं झाड एकच, ओढ्याच्या काठी. त्याला लागून सावरीचं उंच झाड, आणि सावरीवर आग्या मोहोळ, सुपाएवढं. मागच्या साली तिथं तीन दगडांची चूल पेटवली, धूर वर गेला, मोहोळ उठलं. पुजारीबुवांचं तोंड असं सुजलं की त्यांच्या बायकोनं त्यांना आवाजावरून ओळखलं.

म्हणून यंदा चूल नको, स्टोव्ह हवा, असं बयजानं ठरवलं. उचलून नेता येईल असा, आणि धूर न करणारा.

"गेणू, बाजारात जा. झुंबरशेटच्या दुकानात स्टो बघ. उचलून नेता येतो का बघून ये."

"बघून येतो," गेणू म्हणाला.

गेला. दुकानातला एक स्टोव्ह उचलला आणि चालू लागला. झुंबरशेट मागून ओरडतोय, लोक मागं पळताहेत, हा आपला चाललाय. थेट वेशीपर्यंत आला. स्टोव्ह खाली ठेवला, लांबून बघितला, परत उचलला, परत बाजारात नेऊन दुकानात ठेवला. झुंबरशेटनं त्याला धरून चांगला बडवला.

घरी आला. "मावशी, उचलून नेता येतो."

"मग कुठं हाय?"

"दुकानात. तू बघून ये म्हणालीस."

बयजानं कपाळावर हात मारला. "आरं, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी मालकाला इचारावं! ठेवलं ध्यानात?"

"ठेवलं."

आणि ठेवलंच. गेणूच्या डोक्यात एकदा काही गेलं की बाहेर निघत नसे. आत दुसरं काही नव्हतं, जागा भरपूर.

दुसऱ्या खेपेला पैसे देऊन स्टोव्ह आणला, सगळ्यात स्वस्त. अंगणात पेटवला. तो खालून गळत होता. भडका उडाला आणि शेजारच्या सगुणाकाकूची गोधडी कुंपणावर वाळत होती, तिनं पेट घेतला. गेणूच्या हाताशी पाण्याची घागर. हा घागरीकडं बघतो, गोधडीकडं बघतो, आणि सुटला पळत. काकू लांब मळ्यात खुरपत होती.

"काकू, तुमच्या गोधडीवर पाणी ओतू का?"

"का रं बाबा?"

"पेटलीया."

काकू पळत आली तेव्हा कुंपणावर काजळी तेवढी उरली होती.

बयजा म्हणाली, "आरं माझ्या जिवा, आग दिसली की इचारत बसू नये! घागर उचलायची, वतायची, मग बोलायचं. ठेवलं ध्यानात?"

"ठेवलं."

तो गळका स्टोव्ह घेऊन गेणू परत बाजारात. झुंबरशेट मूळचा वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बदलून देतो. हा पंपाचा बघ. जाळ कसा निळा येतो, दाखवतो तुला." गादीवर बसूनच त्यानं पंप मारला, काडी लावली. निळा जाळ आला. गेणूनं कोपऱ्यातला पाण्याचा माठ उचलला आणि ओतला. स्टोव्हवर ओतला, शेटवर ओतला, गादीवर ओतला. मग बोलला, "आग लागली हुती, शेट."

या खेपेला त्याला शेजारच्या दुकानदारांनीही बडवला. त्यांचं काही भिजलं नव्हतं, पण असं काम वरचेवर मिळत नाही.

बयजा कडाडली. "चांगला जाळ लागला तर त्याच्यावर पाणी वततात का? जाळ इझू द्यायचा नसतो! इझायला लागला तर वारा घालायचा, जळण घालायचं. ठेवलं ध्यानात?"

"ठेवलं."

त्याच सांजेला गेणू जळण आणायला गावाबाहेर गेला. तिथं वाटेच्या कडेला एकाची कडब्याची गंजी होती. कुणाची ते नंतर सांगतो. कुणीतरी विडीचं थोटूक टाकलं होतं आणि गंजीनं एका कोपऱ्याला पेट घेतला होता. मालकानं धावाधाव करून, ओली पोती आपटून आपटून आग विझवत आणली. धुगधुगी तेवढी राहिली. मालक पाण्याला वळला, तेवढ्यात गेणू आला. त्यानं बघितलं, जाळ विझायला लागलाय. बिचाऱ्याला वाईट वाटलं. डोक्याचा पटका सोडला आणि लागला वारा घालायला. वर चार पेंढ्या टाकल्या. मालक बादली घेऊन येईपर्यंत सगळी गंजी धडधडून पेटली होती, आणि गेणू घामाघूम होऊन म्हणत होता, "वाचवला बघा!"

आता मात्र बयजा स्वतः उठली. कुणाच्या तरी बैलगाडीत बसून बाजारात गेली, गेणूला बरोबर घेऊन. माठ आधी आत ठेवायला लावला, मग झुंबरशेटला दोन स्टोव्ह शेजारी शेजारी पेटवायला सांगितले. एक वातीचा, त्याचा काळा धूर छताला लागला. एक पंपाचा, त्याला धुराचं नाव नाही.

"हे बघ गेणू, एकच बघून कळत नसतं. चांगलं कळाया त्याच्या शेजारी वाईट ठेवून बघावं लागतं. ठेवलं ध्यानात?"

"ठेवलं."

पंपाचा स्टोव्ह घेतला. आवळीभोजनाचा दिवस आला. रखमाजी आला, त्याची बायको आली, आणि मुलगी सुंदरा आली. नावाला शोभणारी होती. आवळ्याला सूत गुंडाळलं, पूजा झाली, मदतीला आलेल्या सगुणाकाकूनं आपल्या घागरीतून पाणी आणलं, स्टोव्हवर पुऱ्या तळल्या. वर मोहोळ शांत. बयजानं गेणूला बजावलं होतं, "इचारलं तरच बोल."

जेवता जेवता रखमाजीनं विचारलं, "काय गेणबा, आमची पोर कशी वाटली?"

"एकच बघून कसं सांगू?" गेणू म्हणाला. "तिच्या शेजारी एक वाईट बसवा, मग कळंल."

बयजाच्या हातातली पळी खाली पडली. पण सुंदराच पदराआड खुदकन हसली, आणि रखमाजीलाही हसू फुटलं. "जावई गमत्या हाय!" बयजाच्या जिवात जीव आला. तिनं लगेच ताटात नारळ-सुपारी मांडली. रखमाजीनं सुपारीला हात घातला आणि सहज म्हणाला, "स्टो मात्र झ्याक मिळाला मावशी. धूर कसा तो न्हाईच."

गेणू हात धुऊन येत होता. त्यानं ते ऐकलं. त्याला वाटलं, एकच स्टोव्ह बघून पाहुण्यांना काय कळणार? फसतील बिचारे.

हा मुकाट्यानं सावरीखाली गेला. तीन दगड मांडले. ओला पाला घातला, ओल्या शेणी घातल्या, काडी लावली. धूर निघाला तो जाडजूड, सरळ वर.

"पाहुणं! आता हिकडं बघा. ही वाईट. तुमच्याजवळ हाय तो चांगला."

पाहुण्यांनी बघितलं. मोहोळानंही बघितलं.

सुपारी एकीकडं, नारळ एकीकडं, माणसं ओढ्यात. रखमाजी गळ्याएवढ्या पाण्यात, डोक्यावर पुऱ्यांची परात. बयजाचे गेलेले गुडघे त्या दिवशी परत आले, सगळ्यांच्या आधी पाण्यात तीच. सावरीखाली गेणू एकटाच. माशा त्याला डसत होत्या आणि तो चुलीला वारा घालत होता.

"आरं इझू दे!" बयजा पाण्यातून ओरडली.

"जाळ इझू द्यायचा नसतो, मावशी! तूच म्हणालीस!"

"पाणी वत मुडद्या! ती घागर घे!"

"घागर सगुणाकाकूची हाय. मालकाला इचारतो. काकू, घागर घेऊ का?"

सगुणाकाकूनं हो म्हणायला पाण्यातून तोंड वर काढलं आणि तोंडातच माशी गेली. तिचा हो राहिला. घागर राहिली. चूल धुमसत राहिली.

परातीखालून रखमाजीचा आवाज आला, "मोडलं! हे लगीन मोडलं!"

"पाहुणं, घाई करू नगा," गेणू सुजलेल्या तोंडानं म्हणाला. "माझ्या शेजारी एक वाईट जावई ठेवून बघा, मग माझी किंमत कळंल!"

रखमाजीनं पुढं सुंदरासाठी बरीच स्थळं बघितली म्हणतात. ह्याच्याहून वाईट त्याला कुठं सापडलं नाही.

झाली गोष्ट. हसून झालं असेल तर फोलपटं उचला. आणि ती कडब्याची गंजी माझी होती. त्या उन्हाळ्यात माझ्या बैलांनी झाडपाला खाल्ला. गेणूवर माझा राग नाही. मूर्खाची माफी घेऊन मी कुठं ठेवू? पण त्याच्या रिकाम्या डोक्यात ते सगळं भरलं कुणी? वर माझ्याच दारात येऊन मलाच म्हणाली, "गंजी वाटेच्या कडेला रचावीच कशाला?" माफी मागायची राहिलीय ती तिची. बयजाची.